राहिली तर राहील

आमच्या धंद्यात बाप मेलेला असला तरी काही अडत नाही. शिरूरबाहेर नगर रस्त्यालगत आमची प्रयोगशाळा आहे आणि तिच्या मागच्या खोलीत नायट्रोजनचे कंटेनर ओळीनं उभे आहेत. त्यांत वळूंचं गोठवलेलं रेत असतं, बारीक नळ्यांमध्ये भरलेलं. यातले बरेच वळू कधीच मेले. कुठं पुरले, पुरले तरी का, हेसुद्धा कुणाला सांगता यायचं नाही. त्यांची वासरं मात्र अजून जन्माला येतात आणि तालुक्यातल्या गोठ्यांतून उड्या मारतात. कंटेनरचं झाकण उघडलं की पांढरी वाफ काठावरून खाली उतरते आणि पायाशी पसरते. नवी होते तेव्हा मी पाय मागं घ्यायचे. आता घेत नाही, पण झाकण लावताना हात अजूनही घाई करतो.

नात्यातल्या लग्नांमध्ये मला हमखास विचारतात, "तू नक्की करतेस काय गं?" मी सांगते, न राहणाऱ्या गाई राहाव्यात म्हणून संशोधन करते. पुण्याची मंडळी इथं अडखळतात. त्यांना वाटतं, गाई पळून जातात की काय. इकडं गाय राहिली म्हणजे तिच्या पोटात गर्भ राहिला. नाही राहिला आणि ती पुन्हा माजावर आली, की म्हणतात, उलटली. माझ्या सगळ्या नोकरीचं सार या दोन शब्दांत आहे. निबंध, परिषदा, बढत्या, भांडणं, सगळं धरून. 'राहिली' हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारलाय की त्याला आणखीही अर्थ आहेत हे विसरूनच गेले होते. निमोण्याच्या एका बाईनं आणि तिच्या मुलानं मला ते परत शिकवले. ते शिकणं काही सुखाचं नव्हतं. त्या घरातल्या कुणाचंच नाव मी इथं घालणार नाही, जनावरांचंसुद्धा.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत गार्ड होते. दौंडला कित्येक गाड्यांचं इंजिन पुढून सोडवून मागं लावायचे आणि गाडी आली त्याच दिशेनं परत निघायची. नवखा प्रवासी हटकून घाबरा व्हायचा, "अहो, गाडी उलटी निघाली!" फलाटावरचा चहावाला हसायचा. मला लहानपणी त्याचं हसू यायचं नाही. गेलेलं सगळंच असं तोंड फिरवून परत येत असणार, अशी माझी समजूत होती. वडील वारल्यावर आई त्यांच्या गाडीच्या वेळेला ताट वाढून झाकून ठेवायची. बरीच वर्षं ठेवायची. मी तेव्हा पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होते, अंगात शास्त्र भिनलेलं, आणि मला त्या ताटाचा भयंकर राग यायचा. गाडीची शिटी झाली की आई दाराकडं बघायची आणि तिच्याबरोबर माझीही मान वळायची. खरा राग त्याचा होता.

निमोण्याला एक शेतकरी होते. गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही आप्पाच म्हणायचो. कांदा, थोडा ऊस, थोडा झेंडू, पण जीव सगळा एका खिलार बैलात. शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटला की आप्पा कडेकडेनं असे पळायचे की लोक म्हणायचे, जू आप्पाच्याच मानेवर हाय. शर्यतीचा बैल खच्ची करत नाहीत, पण त्याला गाईकडंही सोडत नाहीत, ताकद जाते म्हणतात. त्यामुळं त्याचं एकही वासरू नव्हतं. आमचा तेव्हा देशी वळूंचं रेत गोठवून किती टिकतं ते पाहण्याचा प्रकल्प चालला होता आणि मला तो बैल हवा होता. वर्षभर मी त्यांच्या मागं लागले आणि वर्षभर ते "न्हाई म्हंजी न्हाई" म्हणत राहिले. मग बैलाच्या खुराला दुखापत झाली, शर्यत सुटली, आणि एक दिवस आप्पा स्वतःच टेंपोत घालून त्याला आमच्या दारात घेऊन आले. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळ. तिचा आवाज टेंपो रस्त्यावरून आत वळायच्या आधीच आला होता.

रेत गोठवून झालं तेव्हा आप्पांनी कंटेनरमध्ये डोकावून पाहिलं.

"म्हंजी ह्यो गेल्यावर बी ह्ये राहील?"

"राहील, आप्पा."

"आन् मी गेल्यावर?"

"तुम्ही कुठं निघालात?" मी म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो.

जनावरांच्या लम्पी आजाराच्या साथीत तो बैल गेला. आप्पांनी बांधाजवळ खड्डा काढून, मीठ घालून त्याला पुरला आणि घुंगरमाळ तेवढी घरी आणून खुंटीला लावली. दुसऱ्याच दिवशी माझ्या कामात त्याच्या नळीची तपासणी होती. नळी कोमट पाण्यात वितळवली, थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. शुक्राणू पळत होते. काल मातीत गेलेला बैल माझ्या डोळ्याखाली सरळ रेषेत धावत होता, घाटात धावायचा तसाच. मेलेल्या वळूंचं रेत मी आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा माझ्यासाठी ते फक्त रेत होतं. मी स्टुलावरून उठले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तिथं चाचा कंटेनर पुसत बसले होते. चाचा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने परिचर, शिरूरच्या जुन्या मुसलमान घरातले, निवृत्तीला आलेले. गाडी चालवणं, जनावर धरणं, शेतकऱ्यांना फोन करणं, सगळं त्यांच्याकडं.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. पळतोय."

"मंग चांगलंच हाय की."

चांगलंच होतं. निबंधाला तेच हवं होतं. पण आमच्या कामात तपासायचं म्हणजे संपवायचं. वितळवलेली नळी पुन्हा गोठवता येत नाही. दर काही दिवसांनी एक, असं करत आप्पांच्या बैलाच्या नळ्या काचेवर संपत गेल्या. त्याच दरम्यान शिक्रापूरच्या चौकात एका ट्रकनं आप्पांच्या मोटरसायकलला धडक दिली आणि आप्पा जागीच गेले. मुलगा तेव्हा तिथं खोली घेऊन राहायचा, जवळच्या कारखान्यात कामाला होता. त्याला घरची भाकरी-कालवण द्यायला निघाले होते. डबा म्हणे फुटला नव्हता. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा कंटेनरमध्ये त्यांच्या बैलाची एकच नळी उरली होती. ती मी काढली नाही. का काढली नाही, हे कामाच्या भाषेत मला कुणाला सांगता आलं नसतं.

आणि मग काही महिन्यांनी आप्पांची बायको दारात उभी. मी त्यांना मावशी म्हणू लागले ती तेव्हापासून. बरोबर मुलगा होता, अंगात कंपनीचा शर्ट, डोळे रात्रपाळीचे.

"आमचा बैल तुमच्याकडं हाय म्हनत्यात," मावशी म्हणाल्या.

"आई, बैल न्हाई. सॅम्पल हाय."

"त्येच."

मी झाकण उघडलं. वाफ खाली उतरली. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा मोठ्या माणसासमोर करतात.

"थंडी वाजत आसंल न्हाई का?"

"त्याला काही कळत नाही, मावशी."

"तुमाला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. उद्धटपणानं नाही, खरंच विचारावं तसं. मी झाकण लावलं.

त्यांचं म्हणणं असं. गोठ्यात एक खिलार गाय आहे. बैलाच्या शेजारीच बांधलेली असायची. दोन वेतं झाली, मग कित्येक दिवस ती माजावरच येत नाही. या बैलाचं बी तिच्या पोटी घालायचं. मी सरळ सांगितलं की गाय वयानं उतरतीची, नळी एकच, फार आशा धरू नका. मावशी "व्हय, व्हय" म्हणत होत्या, पण त्यांची नजर कंटेनरवरून हलत नव्हती.

मुलानं मला बाजूला बोलावलं, गाडीच्या आडोशाला.

"मॅडम, जमत न्हाई म्हनून सांगा तिला. ती एकटी ऱ्हाती तिथं. दिवस कलला की तिला घुंगरं ऐकू येत्यात. फाटक उघडून उभी ऱ्हाती. माळ घेती खुंटीवरची आन् वाजवत बसती. शेजारची फोन करत्यात मला. मी म्हनतोय, माझ्याकडं चल, शिक्रापूरला. खोली हाय, आजूबाजूला मानसं हायेत. तर म्हनती, गाय हाय तवर न्हाई येत. गाय इकली की मिटलं."

त्याला आई वेडी होईल अशी भीती होती. ती भीती मला नवी नव्हती. पण मी काही बोलायच्या आतच मावशी आमच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मुलगा ओशाळला, मग जरा चिडून म्हणाला, "बरं. एकडाव करू. राहिली तर राहील. न्हाई राहिली तर गाय बाजारात आन् तू माझ्यासंगं. मान्य?"

मावशींनी मान हलवली. गाय राहिली तर गाय राहील, आणि गाय राहिली तर मावशी राहतील. एका क्रियापदावर एवढं सगळं टांगलेलं होतं आणि ते क्रियापद माझ्या हातात होतं.

गाईचा माज मुका होता. मुका माज म्हणजे आत सगळं घडतं, पण जनावर बाहेर काही दाखवत नाही. हंबरत नाही, चारा सोडत नाही, काही नाही. सोनोग्राफी करून, हार्मोनची इंजेक्शनं देऊन वेळ काढावी लागते. त्यासाठी मी तिथं पुन्हा पुन्हा गेले. एकदा जायला उशीर झाला आणि मी गोठ्यात असतानाच दिवस कलला. मावशी घरात गेल्या, माळ घेऊन आल्या, फाटकाशी उभ्या राहिल्या आणि ती हलवली. फार जोरात नाही. बैल चालत येताना जशी वाजेल तशी, थांबत थांबत. गाईनं रवंथ थांबवला. तिचे कान उभे राहिले आणि तिनं मान फाटकाकडं वळवली. मीही वळवली. फाटकातून फक्त उसाच्या ट्रॉलीची धूळ आत येत होती. मी स्वतःवर इतकी चिडले की जाताना मावशींचा निरोपही नीट घेतला नाही.

त्याच फेरीत पुढं इनामगावला एक अडलेली म्हैस बघायची होती. तिथं घोड नदीच्या काठी फार जुन्या काळची वस्ती उकरून काढलेली आहे. त्या माणसांच्या घरांच्या जमिनीखाली मडकी सापडली, तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत लहान मुलं पुरलेली. गावाबाहेर नाही, रानात नाही, घरातच, चूल पेटायची त्या जमिनीखाली. शाळेत असताना सहलीला आले होते तेव्हा मला त्याची किळस आली होती. त्या संध्याकाळी गाडी तिथून जाताना मला आमची मागची खोली आठवली आणि त्या ओळीनं उभ्या असलेल्या कंटेनरांकडं मी परत पूर्वीसारखं पाहू शकले नाही.

शेवटची नळी मी स्वतः घेऊन गेले. वितळवली, भरली, गाईत सोडली. मावशींनी शेपूट धरलं होतं. काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता डब्यात काय राहिलं?"

"काही नाही राहिलं, मावशी."

"बरं झालं. घरी आला."

तीन आठवड्यांनी मी गाईचं रक्त नेलं, माझ्या संशोधनासाठी; त्याचे निकाल सगळे नमुने जमल्यावरच यायचे होते. मग पोटात हात घालून तपासायचा दिवस ठरवला. त्या दिवशी गाडीचं चाक न्हावऱ्याजवळ पंक्चर झालं, स्टेपनीत हवा नाही, आणि दुरुस्ती होईपर्यंत संध्याकाळ झाली. मी चाचांना म्हटलं, निमोण्याला कळवा, आज जमत नाही. चाचांनी माझ्या शेजारी उभं राहूनच फोन लावला आणि गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगितलं, "मावशी, तुमची गाय राहिली बरं का! पुढच्या आठवड्यात येतो!"

मी ते वाक्य ऐकलं. मला त्यात काहीही खटकलं नाही. दिवसभराच्या यादीतली सगळी जनावरं बघून झाली आणि एक गाय राहिली, तर मराठी माणूस दुसरं काय म्हणणार? पण तिकडं मावशींनी ऐकलं ते त्यांचं. रक्त नेलंच होतं; लॅबमध्ये कळलं असणार, असं त्यांनी धरलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही पोचलो तर अंगणात बायकाच बायका. पुरणाचा वास. गाईच्या पाठीवर हिरवं लुगडं, शिंगांत हिरव्या बांगड्या, कपाळाला मळवट. गाईचं डोहाळजेवण चाललं होतं. शेजारची सुवासिनी तिची ओटी भरत होती. मावशी स्वतः त्यात नव्हत्या. विधवेनं ओटी भरायची नसते, म्हणून त्या भिंतीला पाठ लावून लांब उभ्या होत्या, पण चेहरा असा की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. मुलानं सुट्टी घेतली होती. तो चहाचे कप फिरवत होता.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी त्याला विचारलं.

"ह्ये काय, चाचांनीच की. फोनवर."

चाचा माझ्यामागं उभे होते. त्यांचा हात तोंडाशी गेला. "मी... राहिली म्हनलो. म्हंजी बघायची राहिली."

मी त्यांच्यावर तिथंच कडाडले. एवढी वर्षं या कामात काढली, जीभ सांभाळता येत नाही का, वगैरे. चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमी बी बाजूलाच हुता."

होतेच. आता एकच आशा होती. चूक शब्दाची झाली असली तरी गाय खरंच राहिली असेल, तर कुणाला काही सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, एकदा हात घालून पाहते, रीत म्हणून. मुलानं गाईला गोठ्यात आणलं. मावशींना मी बाहेरच थांबायला सांगितलं. चाचांनी शेपूट धरलं आणि मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला.

बाहेर बायकांनी डोहाळ्यांचं गाणं धरलं होतं. मी डोळे मिटले. मी डोळे मिटूनच तपासते, हात तेव्हा नीट बघतो. गर्भाची पिशवी हाताला लागली. मऊ, लहान, दोन्ही बाजू सारख्या. भरलेल्या पिशवीची एक बाजू जड असते, त्यात पाण्याचा एक हेलकावा असतो, तो हाताला एकदा कळला की आयुष्यभर विसरत नाही. मी तो हेलकावा शोधत राहिले. खरं तर पहिल्या क्षणालाच कळलं होतं. तरी मी शोधत राहिले, गरजेपेक्षा जास्त. आप्पांना मी "राहील" म्हणून शब्द दिला होता, आणि आतमध्ये कुणीही नव्हतं. मला रडू आलं. गोठ्यात, हात गाईत असताना, मला रडू आलं.

"काय, मॅडम?" मुलानं विचारलं.

"नाही राहिली."

मग मी त्याला फोनची सगळी हकिकत सांगितली. चूक आमची आहे, मावशींना मी स्वतः सांगते, तुम्ही काही बोलू नका, असंही म्हणाले. तो ऐकत होता. गाईच्या पाठीवरचं लुगडं एका बाजूला घसरलं होतं, ते त्यानं सारखं केलं. परत सारखं केलं. त्याला हवं होतं तेच झालं होतं. गाय बाजारात, आई शिक्रापूरला, घुंगरांचा प्रश्न मिटला. मी सांगते म्हटल्यावर तो नुसतं "व्हय" म्हणाला असता तरी पुरलं असतं.

बाहेरून मावशींचा आवाज आला, "काय म्हनल्या रं बाई?"

चाचा माझ्याकडं बघत होते, मी मुलाकडं. मग तो मोठ्यानं म्हणाला, "राहिली म्हनत्यात, आई."

बाहेर बायकांनी एकच गलका केला. तो माझ्याकडं न बघता हळूच बोलला, "मी खोटं न्हाई बोललो, मॅडम. गाय राहिली. मी न्हाई इकत. पर तिला कवाच सांगू नका." मी बादलीत हात धुतले. बाहेर मावशींनी मला आग्रहानं पुरणपोळी वाढली आणि मी ती खाल्ली.

त्यानंतर निमोण्याच्या रस्त्यानं जायचं मी टाळत होते. पण आमची गावं ठरलेली असतात, किती टाळणार? गाय व्यायचे दिवस आले आणि गेले; मधेच गाभडली, गर्भ पडला, असं मुलानं आईला आणि गावाला सांगितल्याचं चाचांकडून कळलं. गावानं थोडे दिवस विचारलं आणि मग सोडून दिलं; गावाला दुसरी कामं असतात. मला मात्र ती गाय स्वप्नात यायची. मी हात घालतेय आणि हात आत आत जातोय, पिशवी संपतच नाही, आणि कुठूनतरी लांबून घुंगरं येतायत. जागी झाले की उजवा हात बधिर झालेला असायचा. त्याचं कारण डॉक्टरांनी सांगितलंय, मानेचा मणका. तरी.

शेवटी एकदा मावशींनीच मला रस्त्यावर अडवलं आणि घरी नेलं. चहा टाकला. गाय दारातच होती, तकतकीत, रिकामी. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

"इचारा की," मावशी म्हणाल्या, "कवा व्यायची म्हनून. समदी इचारत हुती."

मी कपात बघत राहिले.

"मी त्या दिवशी गोठ्याच्या भिंतीआडच हुते, बाई. तुमी त्येला सांगितलेलं समदं ऐकलं."

"मग तुम्ही बाहेरून विचारलंत कशाला?"

"बघत हुते, त्यो काय म्हनतोय." त्यांनी गाळणी झटकली. "त्यो बाप गेल्यापासनं माझ्याशी नीट बोलला न्हवता. डबा तूच न्यायला लावलास, आसं तोंडानं म्हनायचा न्हाई, पर डोळ्यात असायचं. त्या दिवशी म्हनला, राहिली. माझ्यासाठी म्हनला. आता मी त्येला कसं सांगू, मला ठावं हाय म्हनून? त्येचं मोडंल ना." मग त्या माझ्याजवळ सरकल्या. "येवढं पोटात ठिवा."

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. झोपेत गेल्या. मी तेराव्याला जाऊ शकले नाही, नंतर एका संध्याकाळी गेले. मुलानं शिक्रापूरची खोली सोडली होती. आता तो निमोण्यातच राहतो आणि इथूनच कंपनीत जातो. त्यानं मला चहा करून दिला, आईच्याच गाळणीनं.

"एक बरं झालं, मॅडम," तो म्हणाला. "आईला शेवटपातूर कळलं न्हाई. गाय राहिली ह्याच समाधानात गेली."

मी मान हलवली. मावशींनी पोटात ठेवायला सांगितलं होतं, ते तिथंच आहे. इथं कुणाचं नाव घातलं नाही ते त्यामुळंच.

दिवस कलला तसा तो उठला, घरात गेला आणि खुंटीवरची माळ घेऊन आला. मी काही विचारलं नव्हतं, तरी तो ओशाळून म्हणाला, "न्हाई वाजवली तर चाऱ्याला तोंड लावत न्हाई ती. सवय झालीया." तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. माळ हलवली. फार जोरात नाही, थांबत थांबत. गाईनं रवंथ थांबवला आणि मान वळवली. फाटकात कुणी नव्हतं. आम्ही तिघंही तिकडं बघत राहिलो.